ऊब वेगळी, पकड वेगळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)



ऑक्टोबर उजाडला, की पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या बुटांच्या दुकानांत एक ठरावीक गिऱ्हाईक दिसू लागतं. वय साठ-पासष्ट. मुलगा किंवा मुलगी टोरांटोत, शिकागोत, नाहीतर म्युनिकला. सून बाळंत व्हायची असते, किंवा नातवाचा पहिला वाढदिवस असतो, आणि तारीख नेमकी डिसेंबर-जानेवारीतली पडते. व्हिसा झालेला असतो, विमा उतरवलेला असतो, लाडवांचे डबे भरायचे तेवढे बाकी असतात. दोघं दुकानात येतात आणि म्हणतात, "बर्फात चालायचे बूट दाखवा." दुकानदार आतून एक दणकट, घोट्याच्या वर येणारा, आत लोकरीसारखं अस्तर असलेला बूट आणतो. काकू आत हात घालून बघतात. "छान ऊबदार आहे हो," म्हणतात. व्यवहार होतो.

आज मला बोलायचं आहे ते काकूंच्या या हाताबद्दल. बूट पारखताना तो बुटाच्या आत जातो, तळाकडे जात नाही. ऊब आणि पकड हे बुटाचे दोन निराळे गुण आहेत. एक असला म्हणजे दुसरा असतोच असं नाही. पाय थोडा गारठला तर घरी येऊन शेकता येतो. पण पासष्टाव्या वर्षी परक्या गावात मनगट किंवा खुब्याचं हाड मोडलं, तर नातवाला खेळवायला गेलेली आजी स्वतःच तीन महिने अंथरुणाला खिळते आणि सगळं घर तिच्याभोवती फिरू लागतं. अशी तीन घरं माझ्या ओळखीत आहेत. तिन्ही ठिकाणी पायांत ऊबदार बूट होते.

मी बुटांच्या धंद्यातला नाही. माझी पस्तीस वर्षं टायरच्या कारखान्यात रबराची मिश्रणं करण्यात गेली. निवृत्तीनंतर मुलाकडे टोरांटोला जाणं-येणं सुरू झालं आणि पाच हिवाळे तिथं काढले. रबरवाल्याची खोड अशी, की तो माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या बुटाचा तळ बघतो. ताज्या हिमात तर ते फारच सोपं जातं. कोण काय घालून गेलं, ते फुटपाथवर छापलेलंच असतं.

आधी बर्फाकडे बघू. मराठीत आपण सरबतात टाकतो तोही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फच म्हणतो. हिम हा शब्द आहे, पण तो पुस्तकात. तिकडे गेल्यावर मात्र लक्षात येतं, की पायाला निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी भेटतात. एक म्हणजे कोरडं, भुरभुरीत हिम. कडाक्याच्या थंडीत ते पायाखाली करकर वाजतं. त्यात चालताना पाय रुततो, पण सहसा घसरत नाही. दुसरा बर्फाचा चिखल. रस्त्यावर मीठ टाकतात, गाड्या वरून जातात आणि राखाडी रंगाचा थंडगार रबरबाट होतो. चौकात फुटपाथच्या कडेला तो साचतो आणि तो किती खोल आहे हे पाय घातल्याशिवाय कळत नाही. तिसरा म्हणजे गोठलेला, काचेसारखा बर्फ. दुपारी ऊन पडून हिम वितळतं, रात्री पुन्हा गोठतं आणि सकाळी डांबरावर एक पारदर्शक पापुद्रा तयार असतो. तिकडे त्याला काळा बर्फ म्हणतात, कारण त्याच्यातून खालचा काळा रस्ता दिसतो. रस्ता ओला आहे असं वाटतं आणि माणूस आत्मविश्वासानं पाऊल टाकतो.

म्हणून नुसतं तापमान ऐकून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. विनिपेगच्या उणे वीस-पंचवीस अंशांतलं कोरडं हिम चालायला एक वेळ परवडतं. टोरांटोसारख्या गावात पारा शून्याच्या खाली-वर करत असतो, तिथं हाडं जास्त सांभाळावी लागतात.

असं का होतं? बर्फ निसरडा का असतो, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. शाळेत आपल्याला सांगितलं गेलं, की वजनाच्या दाबानं बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून पाय सरकतो. हिशेब करून बघा. सत्तर किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला, तर त्याच्या तळाखाली बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही खाली येत नाही. बाहेर उणे पाच असताना तेवढ्यानं काय होणार? मायकेल फॅरडे यानं १८५० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वेगळीच कल्पना मांडली होती. बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो, असं त्याचं म्हणणं. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना लावून धरले की चिकटतात, हा त्याचा पुरावा. शीतपेटीतले खडे बाहेर काढून ठेवले की एकमेकांना चिकटतात, तेव्हा आपणही तेच बघत असतो. फॅरडेचं म्हणणं पुढं शंभर वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही, पण विसाव्या शतकातल्या नव्या उपकरणांनी त्याला पाठिंबा दिला. घर्षणाच्या उष्णतेनं होणारं वितळणं त्यात मिळवायचं. तापमान शून्याच्या जितकं जवळ, तितका हा थर जाड. उणे वीसपेक्षा उणे एक अंश धोक्याचा, तो यामुळं.

आता या पाण्याच्या थरावर बुटाचा तळ टेकतो. रबर पकड घेतं ते मऊ असतं म्हणून. ते खालच्या पृष्ठभागाच्या बारीकसारीक उंचसखल भागांत दबून बसतं. पण रबर थंडीत कडक होतं. किती लवकर आणि किती कडक, हे त्याच्या मिश्रणावर ठरतं. गाड्यांना हिवाळ्यात वेगळी टायर लावतात ती याचसाठी. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तर ती कायद्यानंच लावावी लागतात. गंमत अशी, की गाडीची टायर बदलायला माणसं नोव्हेंबरात रांगा लावतात आणि स्वतःच्या तळाचा विचार करत नाहीत.

थंडीत रबर कसं वागतं, याचं सर्वांत प्रसिद्ध प्रात्यक्षिक १९८६ साली झालं. त्या वर्षी २८ जानेवारीला चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं आणि सात अंतराळवीर गेले. आदल्या रात्री कडाक्याची थंडी पडली होती. चौकशीच्या बैठकीत रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञानं रबरी कडीचा एक तुकडा लहानशा शिकंजात आवळला आणि समोरच्या पेल्यातल्या बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून शिकंजा सैल केला, तर रबर पूर्ववत व्हायला तयार नाही. आमच्या कारखान्यात ही गोष्ट नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगत. तुमच्या बुटाच्या तळाचंही तेच होतं. आपल्याकडच्या स्वस्त बुटांचे तळ बहुधा पीव्हीसीचे असतात. दुकानात, अठ्ठावीस अंशांत, ते छान लवचीक लागतात. शून्याखाली त्यांची पाटी होते.

हे घरबसल्या बघता येतं. बूट स्वच्छ पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि रात्रभर शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. घरच्या कप्प्याचं तापमान साधारण उणे अठरा असतं. मटारच्या शेजारी बूट ठेवण्याला घरातून विरोध होईल, तो मलाही झाला. सकाळी बूट काढल्याबरोबर तळात अंगठ्याचं नख रुतवून बघा, चवड्यात वाकवून बघा. नख उमटत नसेल आणि फरशीवर आपटल्यावर लाकडासारखा आवाज येत असेल, तर तो बूट कितीही ऊबदार असो, घरीच ठेवा. तळ मऊ राहिला म्हणजे बूट उत्तम, असा अर्थ मात्र काढू नका. ही चाचणी फक्त नापास ओळखते.

पास कोण, हे ठरवायचं काम टोरांटोतच झालं आहे. तिथल्या टोरांटो पुनर्वसन संस्थेत संशोधकांनी एक हिवाळी प्रयोगशाळा केली आहे. एक बंद खोली, तिची जमीन म्हणजे खरा बर्फ. माणसाला वरून पट्ट्यांनी बांधलेलं असतं, म्हणजे घसरला तरी पडणार नाही. तो बर्फावरून वर-खाली चालतो आणि खोली थोडी थोडी तिरकी करत जातात. ज्या उतारापर्यंत पाय टिकतो, तो त्या बुटाचा अंश. कोरड्या बर्फावर वेगळा आणि वितळत्या, ओल्या बर्फावर वेगळा. निदान सात अंशांचा उतार पेलला तर बुटाला हिमाच्या चांदणीचं एक चिन्ह. अधिक पेलला तर दोन, तीन. सातच का? ओंटारियोत फुटपाथवरून रस्त्यावर उतरायला जे उतार केलेले असतात, त्यांना एवढी तिरकस मर्यादा आहे. म्हणजे रोजच्या रस्त्यावर चालायला किमान एवढं लागतंच. २०१६ साली त्यांनी पहिले निकाल जाहीर केले. दुकानांत हिवाळी बूट म्हणून विकले जाणारे ९८ प्रकार तपासले, त्यांतले दहा टक्केसुद्धा या किमान कसोटीला उतरले नाहीत. बर्फाच्या देशात, बर्फासाठी म्हणून विकलेले बूट बरं का! मग लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराला काय बोल लावायचा?

जे उतरले, त्यांच्या तळाचं रबर वेगळं होतं. काहींत रबरामध्ये बारीक काचतंतू बसवलेले, काहींत टणक कण पेरलेले. बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. हे तंतू बर्फाला सूक्ष्म ओरखडे काढत धरून ठेवतात. तळ झिजला की हा गुणही झिजतो, तेव्हा असे बूट वर्षभर घालून फिरू नयेत. डांबरी रस्त्यावर ते फुकट जातात.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. तळाला खोल खोल खाचा असल्या, की तो बर्फाचा बूट, असं आपल्याला वाटतं. ताज्या हिमात त्या खाचा खरंच कामाला येतात. हिम त्यांत ठासून बसतं आणि हिमाला हिम धरतं. पण काचेसारख्या बर्फात खाच शिरणार कुठं? तिथं खाचांमुळं उलट टेकणारं रबर कमी होतं. सह्याद्रीत चालायला घेतलेले ट्रेकिंगचे बूट डोंगरावर जीव लावतात आणि गोठलेल्या फुटपाथवर दगा देतात, त्याचं कारण एवढंच.

गोठलेल्या बर्फावर सर्वांत खात्रीचा उपाय जुना आहे, तो म्हणजे खिळे. बुटावर चढवायचं रबरी जाळं मिळतं, त्याला खाली छोटे धातूचे दात किंवा साखळ्या असतात. केदारकंठासारख्या हिवाळी पदभ्रमणाला जाणाऱ्या आपल्या मुलांना आयोजक हे देतात, त्यामुळं अनेकांनी पाहिलं असेल. शहरात वापरायची वस्तू याहून साधी, हलकी आणि खिशात मावणारी असते. एकच सावधगिरी. दुकानात, मेट्रोच्या स्थानकात, फरशीवर पाऊल टाकण्याआधी ती काढायची. गुळगुळीत फरशीवर धातू बर्फाइतकाच घसरतो. आणि ती वाकून काढता-घालता आली पाहिजे. गुडघे धरलेल्या माणसानं विकत घेण्यापूर्वी दुकानातल्या बाकावर बसून एकदा करून बघावं, नाहीतर ती पिशवीतच राहते.

आता उबेकडे वळतो. तिला मी कमी लेखत नाही.

बूट पायाला ऊब देत नाही. ऊब पायाचीच असते, रक्तातून आलेली. बुटानं ती अडवून धरायची. अडवते ती साचलेली हवा, आणि ती साचायला जागा लागते. आपली माणसं करतात काय, की नेहमीच्या मापाचा बूट घेतात आणि त्यात मोज्यांचे दोन-तीन जोड कोंबतात. मोजे दबतात, त्यांतली हवा जाते, वर पाय आवळला जाऊन रक्त कमी पोचतं. तीन मोजे घालून एका मोज्याहून गार पाय!

सैल बुटाचं महत्त्व आमुंडसेनइतकं कुणी जिवावर घेतलं नसेल. दक्षिण ध्रुवाकडे तो पहिल्यांदा निघाला १९११ च्या सप्टेंबरात. हवामान लवकरच इतकं बिघडलं, की आठवडाभरात तळावर परतावं लागलं, आणि परतले तेव्हा काही जणांच्या टाचा हिमदंशानं गेल्या होत्या. त्यांचे बूट खास बनवून घेतलेले होते, पण ताठ आणि अपुरे. त्या मुक्कामात ते पुन्हा उसवले, मोठे केले, पुन्हा शिवले. हे काम त्या हिवाळ्यात आधीही झालेलं होतं, तरी पुन्हा केलं. ऑक्टोबरात मंडळी दुसऱ्यांदा निघाली आणि १४ डिसेंबरला ध्रुवावर पोचली. कुत्र्यांच्या गाड्या, अन्नाचे साठे, यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. बूट उसवण्याचा हा भाग मला त्या साऱ्या मोहिमेत सर्वांत आवडतो.

आमुंडसेनच्या माणसांकडे रेनडिअरच्या कातड्याचे बूटही होते आणि त्यांत ते वाळकं गवत भरत. ही युक्ती उत्तर युरोपातल्या सामी लोकांची. गवत घाम शोषून घेतं, हवा धरून ठेवतं, आणि संध्याकाळी बाहेर काढून वाळवता येतं. आपल्या काश्मीरमध्ये भाताच्या पेंढ्याचं विणलेलं पादत्राण होतं, त्याला पुलहोर म्हणत. हिमावर ते घसरत नसे. जपानमध्येही पेंढ्याचे हिमबूट होते. लडाखमध्ये पाबू म्हणून लोकरीच्या नमद्याचा बूट असतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ते कोरड्या हिमासाठी आहेत. पाण्यात त्यांचा निभाव लागत नाही.

पाण्याचा प्रश्न सोडवला तो रबरानं. अमेरिकेत मेन राज्यात लिऑन बीन नावाचा एक शिकारीचा नादिष्ट दुकानदार होता. ओल्या पायांनी घरी येऊन कंटाळला. त्यानं चांभाराकडून खाली रबर आणि वर चामडं असा बूट शिवून घेतला. पहिले शंभर जोड विकले, त्यांतले नव्वद परत आले, कारण चामडं रबरापासून उसवत होतं. त्यानं सगळ्यांचे पैसे परत केले, रबर सुधारलं आणि पुन्हा बनवले. खाली रबर, वर चामडं किंवा जलरोधक कापड, हा आराखडा आजही बर्फाच्या चिखलासाठी सर्वांत योग्य आहे. चिखल घोट्याच्या खालीच असतो, तिथं पाणी अडलं पाहिजे. वर पायाचा घाम बाहेर जायला वाट हवी.

संपूर्ण रबरी गमबुटाला ही वाट नसते. तरीही झंस्कार नदीवरच्या चादरीवर, म्हणजे गोठलेल्या नदीवरून चालताना, स्थानिक हमाल गमबूटच घालतात. कारण मधेच बर्फ फुटलेला असतो आणि पाण्यातून जावं लागतं. रात्री तिथं उणे पंचवीसपर्यंत जातं. ओला बूट तिथं जिवाशी गाठ. मुंबई-पुण्याहून महागडे बूट घेऊन गेलेली मुलं लेहच्या बाजारात गमबूट घेतात ती उगाच नाही. फक्त माप एखादा नंबर मोठं घ्यावं आणि मोजे बदलायला कोरडे जवळ ठेवावेत.

मोज्यांबद्दल थोडक्यात सांगतो. सुती नकोत. कापूस घाम पितो आणि थंड चिंध्या होऊन पायाला चिकटतो. लोकर आपल्या वजनाच्या पाव हिश्शाहून अधिक ओल पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. एक जाड लोकरीचा मोजा, फार तर आत एक पातळ. बस.

मापाबद्दल मात्र जास्त बोललं पाहिजे. आपल्याकडचा आठ नंबर अमेरिकेत पुरुषांच्या बुटांत साधारण नऊ होतो, एवढं लोकांना ठाऊक असतं. रुंदीकडे कुणी बघत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली. आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद असतात, असं त्यात दिसलं, आणि भारतीय पायांसाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धत सुचवली गेली. जन्मभर चपला, कोल्हापुरी घातलेल्या काकूंचा चवडा तिकडच्या बायकांच्या साध्या बुटात आवळणारच. तिकडच्या दुकानांत रुंद पावलांचे बूट मिळतात, पण मागावे लागतात. बायकांना पुरुषांचा बूट बसत असेल तर तोही घ्यायला हरकत नाही. बर्फात पायाकडे बघायला कुणाला सवड नसते. बूट संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. जाड मोजा घालून, उभं राहून, पुढं अंगठ्याची बोटं सहज हलताहेत ना ते बघावं. टाच मात्र उचलली जाता कामा नये.

म्हणून माझं सांगणं, की इथून बर्फाचे बूट नेऊच नका. इथून न्यायचे ते विमानतळापासून घरापर्यंत पुरतील असे बंद बूट आणि दोन जोड चांगले लोकरीचे मोजे. पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत, बाहेर फिरायला जाण्याआधी, मुलाला घेऊन दुकानात जा. मुलाला वेळ नसतो, खर्च वाचवावा असं आपल्याला वाटतं, आणि "सुनेचे जुने बूट आहेत, तेच घालते" असा तोडगा निघतो. सुनेचा पाय सुनेचा असतो. तीन महिन्यांच्या प्रवासाला आपण विम्यावर जेवढे खर्च करतो, त्याहून हा बूट बहुधा स्वस्तच पडेल.

मधुमेही श्रोत्यांसाठी एक विशेष. ज्यांच्या तळपायाची जाणीव कमी झाली आहे, त्यांना पाय गारठल्याचं कळत नाही आणि बूट लागल्याचंही कळत नाही. बाहेरून आल्यावर पाय उघडे करून, बोटांच्या मधे, टाचेला, उजेडात बघायचे. स्वतःला वाकता येत नसेल तर दुसऱ्याला बघायला सांगायचं. पाय गार लागले म्हणून हीटरला लावून बसायचं नाही. भाजल्याचंही कळणार नाही. बोटं पांढरी, सुन्न पडली असतील तर चोळायची नाहीत, डॉक्टरांना दाखवायची.

चालण्याबद्दल दोनच शब्द. कोकणात किंवा मावळात पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून ज्याला उतरता येतं, त्याचं अर्धं शिक्षण झालेलं असतं. तसंच चालायचं. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल सपाट टेकायचं, टाच आधी नाही. अंगाचा भार पुढच्या पायावर. कॅनडात याला पेंग्विनची चाल म्हणतात. हात खिशात घालायचे नाहीत, त्यासाठी हातमोजे घ्यायचे. काठी वापरत असाल तर तिच्या टोकाला बसवायचा खिळ्यांचा तुकडा औषधांच्या दुकानात विचारा.

घरी आल्यावर बूट दारातच. हे आपल्याला शिकवावं लागत नाही, आणि कॅनडात बहुतेक घरांत तीच रीत आहे. दाराशी एक उथळ ताट ठेवलेलं असतं, त्यात बूट निथळतात. मिठाचे पांढरे डाग चामड्यावर पडतात, ते पाण्यात थोडा व्हिनेगर घालून त्याच दिवशी पुसावेत. बूट हीटरवर वाळवू नका, चामडं तडकतं आणि तळाचा चिकटा सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, सकाळपर्यंत कोरडे होतात. इथून लाडवांचे डबे ज्या कागदांत गुंडाळून नेले, ते कागद आमच्याकडे याच कामाला आले.

आणि परत आल्यावर? बहुतेक जण ते बूट बॅगेत घालून पुण्याला आणतात, पुढच्या फेरीसाठी म्हणून माळ्यावर टाकतात. इथं एक रबरवाल्याची सूचना. अनेक हिवाळी बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा फेसासारखा हलका थर असतो. दमट हवेत पाणी त्या थराची रासायनिक साखळी हळूहळू तोडत जातं. बंद खोक्यात, न वापरता, दोन-चार पावसाळे काढले, की बूट वरून नवा दिसतो आणि पायात घातल्यावर तळ केकसारखा तुटून हातात येतो. तो टोरांटोच्या फुटपाथवर तुटण्यापेक्षा इथं तुटलेला बरा. शक्य असेल तर ते बूट मुलाच्याच घरी, कोरड्या हवेत ठेवून या. आणलेच असतील, तर पुढच्या वेळी निघण्याच्या महिनाभर आधी माळ्यावरून काढा, पायात घाला आणि सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या मारा. लोक बघतील. बघू द्या.